फ्लेमिंगोला अभयारण्य, माणसाला डम्पिंग ग्राउंड

२० मे २०२४ च्या रात्री दुबईहून मुंबईत उतरणारं एक विमान घाटकोपरच्या आभाळात फ्लेमिंगोंच्या थव्यावर आदळलं. जवळपास चाळीस पक्षी मेले. घाटकोपर पूर्वेला रस्त्यांवर आणि इमारतींच्या आवारात त्यांची कलेवरं पडली. ती बातमी देशभर गेली. तज्ज्ञ बोलले, चौकशीची मागणी झाली, सोशल मीडियावर शोक झाला. जे झालं ते वाईटच होतं आणि त्याची बातमी व्हायलाच हवी होती. याबद्दल आपली काहीही तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली. हा आकडा कुठल्या चळवळीचा नाही, सरकारने संसदेत दिलेला आहे. यातल्या किती जणांसाठी तज्ज्ञ बोलले? किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

"कुठे फ्लेमिंगो आणि कुठे गटार, दोन्हींचा संबंध काय?" असं कोणी विचारेल. संबंध आहे. तोही भावनिक किंवा ओढूनताणून आणलेला नाही, ठाणे खाडीच्या पाण्यातला, रासायनिक संबंध आहे. हा लेख त्याबद्दलच आहे.

गुलाबी रंग कुठून येतो?

ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या मधल्या खाडीला ६ ऑगस्ट २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं. क्षेत्र १,६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०१७ मध्ये ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र उघडलं. तिथे तिकीट काढून माहितीची दालनं बघता येतात, कांदळवनातून फिरता येतं आणि बोटीने फ्लेमिंगो बघायला जाता येतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भोवतालचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा धरून हे क्षेत्र ६,५२१ हेक्टर होतं. दोन कोटी माणसांच्या महानगराला खेटून एवढी मोठी संरक्षित पाणथळ जागा असणं ही मोठी गोष्ट आहे, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

आता त्या फ्लेमिंगोंकडे बघू. शिवडीच्या चिखलात ते मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. आज त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. ते इथे का आले? फ्लेमिंगो पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ खातात आणि त्यातल्या रंगद्रव्यामुळे त्यांची पिसं गुलाबी होतात. हे शेवाळ वाढायला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. ते खाडीत कुठून येतं? अभ्यासकांनी ते स्पष्ट सांगितलेलं आहे: शहराच्या मैलापाण्यातून. घाटकोपर आणि भांडुपच्या मैलापाणी केंद्रांचं पाणी याच खाडीत येतं, शिवाय दोन्ही काठांवरच्या नाल्यांमधून विनाप्रक्रिया येतं ते वेगळंच.

म्हणजे ज्या गुलाबी रंगासाठी लोक तिकीट काढतात, त्या रंगाचा कच्चा माल या शहराचं मैलापाणी आहे. आणि ते मैलापाणी वाहतं ठेवणारे, तुंबलं की मेनहोलचं झाकण उघडून आत उतरणारे हात कोणाचे आहेत? केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची जी नोंद झाली, त्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. अनुसूचित जमाती आणि ओबीसी मिळवले तर आकडा ९२ टक्क्यांच्या आसपास जातो. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्याचा पुरावा शोधायला ग्रंथालयात जायची गरज नाही. ऐरोलीच्या बोटीत बसा आणि पाण्याकडे बघा.

त्या केंद्रात खेकड्याची, कांदळवनाच्या मुळांची, पक्ष्यांच्या स्थलांतराची माहिती मिळते. चांगलं आहे. पण या खाडीच्या जीवनचक्रातला जो सर्वात मोठा दुवा आहे, म्हणजे शहराचा मैला आणि तो वाहणारी जात, त्याला निसर्गशिक्षणात जागा नाही. निसर्ग म्हणजे जिथे आपली घाण दिसत नाही ती जागा, अशी एक सवर्ण समजूत आहे आणि तिच्यावरच ही सगळी पर्यटनाची इमारत उभी आहे.

१९२७: एक तळं आणि एक उकिरडा

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. बोले ठराव १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर पाणी सार्वजनिक होतं, काठावर मात्र नव्हतं. आपल्या लोकांनी पाणी प्यायलं तेव्हा सवर्णांनी तळं 'बाटलं' म्हणून १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केलं. पुढे कोर्टबाजी दहा वर्षं चालली. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला.

हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच १९२७ सालातली दुसरी गोष्ट मात्र आपल्या भाषणांत येत नाही. त्या वर्षापासून मुंबईचा कचरा देवनारला, ठाणे खाडीच्या काठावर पडू लागला. तीनशेहून अधिक एकरांचा तो डोंगर आज देशातल्या सर्वात जुन्या डम्पिंग ग्राउंडांपैकी एक आहे. पुढे मुलुंड आणि कांजूरमार्गलाही डम्पिंग सुरू झालं. नकाशा काढून बघा. देवनार, मुलुंड, कांजूरमार्ग, तिन्ही ठिकाणं याच खाडीच्या पश्चिम काठावर आहेत. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या शहराला आपला उकिरडा ठेवायला हाच काठ सापडला.

उकिरड्याच्या शेजारी कोण राहतं? शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर, गोवंडी, मानखुर्द. शहरातून वेळोवेळी उठवून आणलेले दलित, मुस्लिम, भटके-विमुक्त, दुष्काळाने गाव सोडलेले मराठवाड्यातले मातंग आणि बौद्ध. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरातल्या सगळ्या विभागांत तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला आग लागली, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा मुंबईला कळलं की देवनार नावाची जागा आहे. त्यानंतर बंदोबस्त वाढला तो कोणाविरुद्ध? कचरा वेचून पोट भरणाऱ्या बायांविरुद्ध. त्यांना आत जायला मनाई झाली. २०१६ च्याच घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. म्हणजे नियमाच्या कागदावर त्या आत आहेत आणि कुंपणापाशी बाहेर. महाडची गोष्ट आठवते की नाही?

म्हणून चवदार तळं आणि देवनार एकत्र वाचायला हवं. अस्पृश्यतेची दोन कामं असतात. चांगल्या पाण्यापासून माणसाला दूर ठेवणं हे एक, आणि घाणीजवळ त्याला बांधून ठेवणं हे दुसरं. पहिल्या कामाविरुद्ध आपण महाडला लढलो. दुसरं अजून चालू आहे आणि आता त्याला 'शहर नियोजन' म्हणतात.

अतिक्रमण कोणाचं?

पर्यावरणप्रेमी मंडळींचा एक ठरलेला युक्तिवाद आहे: झोपडपट्ट्यांनी कांदळवनं खाल्ली. काही ठिकाणी कांदळवनात भराव घालून झोपड्या झाल्या हे खरं आहे. भराव घालणारे भूमाफिया आणि त्यांना सांभाळणारे नगरसेवक-अधिकारी कोण असतात हेही वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. ज्याने आयुष्यभराची कमाई देऊन ती दहा बाय बाराची खोली घेतली तो त्या साखळीतला शेवटचा माणूस. बुलडोझर मात्र पहिला त्याच्यावर येतो.

पण हिशोब करायचाच तर पूर्ण करू. मुंबई हे शहरच भरावावर उभं आहे. नरिमन पॉइंट समुद्रात भराव टाकून झालं. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या काठच्या दलदलीवर झालं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घराघरांत शिरली, तेव्हा नदीचा पसरायला लागणारा पाट कोणी अडवला होता याची चर्चा झाली. ती चर्चा संकुलाच्या काचेच्या इमारतींपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. त्या इमारतींना कोणी 'अतिक्रमण' म्हटलं नाही. श्रीमंताने पाणी भरलं की तो 'विकास' असतो, गरिबाने भरलं की ते 'अतिक्रमण'.

कायदाही असाच वाकतो. हायकोर्टाने २०१८ मध्ये निकाल दिला की कांदळवनांचा नाश हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे. उत्तम निकाल. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच हायकोर्टाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे वीस हजार कांदळवनाची झाडं तोडायला परवानगी दिली, कारण प्रकल्प सार्वजनिक हिताचा आहे. ती गाडी ठाणे खाडीच्या खालून बोगद्यातून जाणार आहे. अहमदाबादला दोन तासांत पोचणं हे सार्वजनिक हित. मग रफीनगरच्या पोराच्या छातीत धूर न जाणं हे कोणाचं हित?

मच्छीमारांचंही तेच. वाशीजवळ खाडीवर तिसरा पूल बांधायला घेतला तेव्हा ज्यांच्या मासेमारीवर परिणाम होणार होता त्या कोळी बांधवांना भरपाईसाठी हायकोर्टात जावं लागलं. २०२१ मध्ये कोर्टाने त्यांचा हक्क मान्य केला आणि शासनाला भरपाईचं धोरण करायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची खाडी आहे त्यांना आपलं नुकसान होतं हे कोर्टात सिद्ध करावं लागतं.

पात्र फ्लेमिंगो, अपात्र माणूस

आता सगळ्यात ताज्या आणि सगळ्यात गंभीर मुद्द्याकडे येऊ.

धारावी ही मुळात खाडीकाठचा कोळीवाडा आणि दलदल. ती राहण्यासारखी केली ती चामड्याचं काम करणाऱ्या ढोर-चांभारांनी, तमिळनाडूतून आलेल्या दलितांनी, मुस्लिम कारागिरांनी, कुंभारांनी. त्यांनी दलदल भरली तेव्हा त्या जमिनीला किंमत नव्हती. शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल झालं आणि तिला सोन्याचा भाव आला. २०२२ च्या निविदेत पुनर्विकासाचं काम अदानी समूहाला मिळालं. मग 'पात्र' आणि 'अपात्र' ही चाळणी लागली. अमुक तारखेआधीचा पुरावा असेल तर धारावीत घर, नसेल तर धारावीबाहेर.

बाहेर म्हणजे कुठे? २०२४ मध्ये दोन निर्णय झाले. एक, कांजूर, भांडुप, मुलुंड पट्ट्यातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायची. दुसरा, देवनार डम्पिंगच्या जमिनीपैकी सुमारे १२४ एकर त्यासाठीच द्यायची.

एकदा पुन्हा वाचा. दलदल भरून शहर उभं करणाऱ्यांना त्या शहराच्या मध्यातून उचलायचं आणि एक तर भरती-ओहोटीचं पाणी सामावून घेणाऱ्या मिठागरांवर ठेवायचं, नाही तर जवळपास शंभर वर्षांच्या कचऱ्याच्या डोंगरावर. मिठागरांवर बांधकाम झालं की पावसाचं पाणी कुठे जाणार? आधी त्या नव्या इमारतींच्या तळमजल्यात आणि मग भांडुप-विक्रोळीच्या जुन्या वस्त्यांत. देवनारचा कचरा हटवला तरी इतक्या वर्षांत जमिनीत मुरलेलं विष आणि कचऱ्यातून निघणारा वायू एका टेंडरने जाईल का?

आणि या मिठागरांना पाणथळ म्हणून संरक्षण का नाही? कारण केंद्राने २०१७ मध्ये केलेल्या पाणथळ नियमांमध्ये पाणथळ जागेच्या व्याख्येतूनच मीठ उत्पादनासाठी केलेली तळी वगळली आहेत. पक्ष्यांना ही व्याख्या माहीत नाही, ते मिठागरांवर उतरतातच. बिल्डरांना मात्र ती चांगली माहीत आहे.

गंमत बघा. फ्लेमिंगो कच्छकडून येतात, म्हणजे परप्रांतीय. इथे दिसू लागले १९९० च्या दशकात, म्हणजे धारावीत दोन-तीन पिढ्या काढलेल्यांच्या कितीतरी नंतर. त्यांच्याकडे रेशनकार्ड नाही, वीजबिल नाही, १ जानेवारी २००० चा पुरावा नाही. तरी ते पात्र ठरले, त्यांना १,६९० हेक्टर मिळाले. त्यांना मिळालं याचं दुःख नाही. पुरावा न मागता एखाद्या जिवाला जगायला जागा देता येते हे शासनाला जमतं, एवढंच यातून सिद्ध होतं. मग माणसाच्या बाबतीतच का जमत नाही?

"पण घर तर मिळतंय, विरोध कशाला करता?" असं काही आपलेच कार्यकर्ते म्हणतात. घराला विरोध नाही. घर धारावीतच मिळालं पाहिजे, ही मागणी आहे. उकिरड्यावरचं घर हे घर नसतं. गावकुसाबाहेरचा महारवाडा सिमेंटचा बांधला म्हणून तो गावात येत नाही.

'निसर्गाला जात नसते' म्हणणाऱ्यांना

निसर्गाला जात नसते, खरं आहे. निसर्गाबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीला असते.

२०१७ च्या त्याच नियमांखाली राज्य पाणथळ प्राधिकरण असतं. त्यात कोण? पर्यावरण किंवा वनमंत्री अध्यक्ष, वेगवेगळ्या खात्यांचे सचिव, आणि पाच तज्ज्ञ: पाणथळ परिसंस्था, जलशास्त्र, मत्स्यव्यवसाय, भूदृश्य नियोजन आणि समाज-अर्थशास्त्र या विषयांचे. मत्स्यव्यवसायाचा तज्ज्ञ आहे, मासे पकडणारा नाही. समाज-अर्थशास्त्राचा तज्ज्ञ आहे, तो ज्या समाजाचा अभ्यास करतो त्यातलं कोणी नाही. मिठागरातला कामगार, खाडीत जाळं टाकणारी कोळीण, कचरावेचक बाई, सफाई कामगार, यांच्यापैकी एकालाही कायद्याने खुर्ची दिलेली नाही. ज्या रामसर कराराचा फलक आपण अभिमानाने लावतो, त्याच कराराच्या देशांनी १९९९ मध्ये स्थानिक समुदायांना व्यवस्थापनात सहभागी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. आपण फलक घेतला आणि तत्त्वं तिथेच ठेवली.

कोणी म्हणेल, वन खातं खाडीकाठच्या गटांना खेकडापालन, कालवंपालन शिकवतं, अनुदान देतं. २०१७ पासून तशी योजना आहे आणि काही गटांना तिचा फायदाही झाला आहे. पारंपरिक मासेमारीलाही हरकत नाही असं सांगितलं जातं. पण योजना आणि हक्क यांत फरक आहे. योजना साहेबाच्या मर्जीवर चालते, हक्क मर्जीवर चालत नाही. 'मासे पकडा, आम्ही काही म्हणत नाही' हे उद्या 'आता पकडू नका' होऊ शकतं. महाडला आपण पाण्याची भीक मागायला गेलो नव्हतो. पाणी सार्वजनिक आहे आणि आपण त्या 'सार्वजनिक'मध्ये येतो, हे सिद्ध करायला गेलो होतो.

आणि आपल्यातल्या मित्रांना

आता थोडं आपल्याकडे बोट. आपल्या चळवळीत पर्यावरणाचा विषय काढला की चेहरे उतरतात. "हे पोट भरलेल्यांचे चोचले. आधी आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती." हे सगळे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण पुराचं पाणी पहिलं कोणाच्या घरात शिरतं? कांदळवन गेलं की भरतीचा तडाखा आधी खाडीकाठच्या वस्तीला बसतो, मलबार हिलला नाही. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर आठवा. ११ जुलै १९९७ ला तिथे दहा भीमसैनिक गोळीबारात शहीद झाले. ती वस्ती याच पूर्व पट्ट्यातली, खाडी आणि महामार्गाच्या जवळची. पूर्व मुक्तमार्ग ठाण्याकडे वाढवायचा म्हणून आज तिथल्या हजारो घरांचा पुनर्विकास चालला आहे. खाडीचं काय होतं हा आपल्या घराचा प्रश्न आहे, छंदाचा नाही.

आणि बाबासाहेबांना पाण्याचा विषय परका नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी दिशा दिली, केंद्रीय पातळीवर जलमार्ग-सिंचन आयोग उभा केला. नदीचं खोरं एकसंध धरून नियोजन करावं आणि त्याचा लाभ सामान्य माणसाला मिळावा, ही त्यांची दृष्टी होती. जयंतीच्या मिरवणुकीत आपण त्यांना संविधानाचे शिल्पकार म्हणतो. पाण्याच्या नियोजनातले बाबासाहेब मात्र आपण अभियंत्यांच्या पुस्तकांत ठेवून दिले आहेत.

आपण हा विषय सोडला की तो रिकामा राहत नाही. त्यात एका बाजूने सवर्ण निसर्गप्रेमी शिरतात, ज्यांना वस्ती हटवून पक्षी वाचवायचे आहेत, आणि दुसऱ्या बाजूने बिल्डर, ज्यांना पक्षी आणि वस्ती दोन्ही हटवायचे आहेत. पहिल्याचा राग म्हणून दुसऱ्याला मदत करणं हा आंबेडकरवाद नव्हे.

वेगळं होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि उदाहरण याच देशातलं आहे. कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरची पाणथळ जागा आहे. २००२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. तिथे शहराचं मैलापाणी उथळ तळ्यांत सोडतात, ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतं, त्या तळ्यांत मासे वाढतात आणि तेच पाणी पुढे भातशेतीला जातं. हे शास्त्र कुठल्या विद्यापीठातून आलं नाही. ते तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी घडवलं, आणि त्यांच्यात बहुसंख्य अनुसूचित जातींचे आहेत. १९८० च्या दशकात ध्रुवज्योती घोष हे सरकारी अभियंते शहराच्या मैलापाण्याचं पुढे काय होतं हे शोधत तिथे पोचले आणि त्यांनी हे ज्ञान जगासमोर आणलं. आयुष्यभर ते सांगत राहिले की ही जागा टिकली ती तिथे काम करणाऱ्या माणसांमुळे.

कोलकात्यात सगळं आलबेल नाही. तिथेही तळी बुजवली जातात, तिथेही बिल्डर आहेत, तिथल्या धापाच्या उकिरड्यावरही आपलीच माणसं कचरा वेचतात. ठाणे खाडीत तसंच्या तसं करता येईल असंही नाही. ही भरती-ओहोटीची खारी खाडी आहे आणि तिच्यात कारखान्यांचं रसायनही येतं. पण तत्त्व घेता येतं: पाणथळ जागा माणूस बाहेर काढूनच वाचते हे खोटं आहे. कष्टकऱ्याच्या हातात ती राहिली तर तीही जगते आणि तोही.

मागण्या

मोघम बोलून उपयोग नाही, म्हणून नेमकं लिहितो.

१. धारावीकरांचं पुनर्वसन धारावीतच. मिठागरं आणि देवनारची जमीन यासाठी देण्याचे निर्णय रद्द करा. मिठागरांना पाणथळ जागांचं संरक्षण द्या.

२. ठाणे खाडीच्या व्यवस्थापनात कोळी-आगरी मच्छीमार, मिठागर कामगार, कचरावेचक आणि सफाई कामगार यांच्या प्रतिनिधींना मताच्या अधिकारासह जागा द्या. निम्म्या जागा बायांना.

३. खाडीतल्या पारंपरिक मासेमारीचे हक्क लेखी नोंदवा. वन्यजीव कायद्यात अभयारण्यातले हक्क चालू ठेवायची तरतूद आहे. तिचा वापर करा.

४. खाडीत जाणाऱ्या प्रत्येक थेंब मैलापाण्यावर प्रक्रिया करा आणि मेनहोलमध्ये माणूस उतरवणं पूर्ण बंद करा. मैलापाणी कमी झालं तर फ्लेमिंगो कमी होतील अशी भीती कोणी घालेल. मैल्यावर पोसलेली शोभा टिकवायची म्हणून माणसांना विषारी काठावर ठेवणं हे संवर्धन नव्हे.

५. ऐरोलीच्या केंद्रात खाडीच्या माणसांचं दालन करा. त्यात कोळी, आगरी, सफाई कामगार, कचरावेचक यांचा इतिहास असू द्या. खाडीकाठच्या वस्त्यांतल्या आणि महापालिका शाळांतल्या मुलांना बोटफेरी मोफत द्या.

आणि एक काम आपलं. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस असतो, त्या दिवशी शासकीय कार्यक्रम होतात. आपण २० मार्च निवडू. दरवर्षी आपण महाडला जातोच. ज्यांना जाणं जमणार नाही त्या मुंबई-ठाण्यातल्या शाखांनी, अभ्यासगटांनी, विद्यार्थी संघटनांनी त्या दिवशी खाडीच्या काठावर सभा घ्यावी. देवनारच्या बायांना व्यासपीठावर बसवावं, कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायट्यांना बोलवावं. त्याआधी माहिती अधिकारात अर्ज टाकून विचारावं: आपल्या वॉर्डातला नाला खाडीत कुठे सोडला आहे, त्यावर प्रक्रिया होते का, अभयारण्याच्या आराखड्यावर सूचना कोणाच्या घेतल्या, किनारी आराखड्याची सुनावणी कधी आणि कुठे झाली. मिळालेली उत्तरं त्या सभेत वाचून दाखवावीत आणि तिथल्या तिथे मागण्यांच्या निवेदनावर सह्या घ्याव्यात.

फ्लेमिंगो राहोत. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते पक्ष्याला पाणी आणि माणसाला कचरा वाटणाऱ्या व्यवस्थेशी. ती वाटणी कोणी केली, कोणत्या अधिकाराने केली आणि वाटताना आपल्याला विचारलं का, हे प्रश्न या खाडीच्या काठावर उभं राहून विचारायचे आहेत.

जय भीम!